सहीपुरती बहीण

कंपनीतली पोरं दुपारच्या सुट्टीत जेवायला बसली होती आणि एक माणूस माझ्या घराची भिंत मोजत होता.

कुरुळीत, कंपन्यांच्या रस्त्याला लागून माझी मेस आहे. खाली मेस, वर आम्ही राहतो, त्याच्या वर भाड्याच्या खोल्या. मी डाळीच्या पातेल्यात डाव घालून उभी, आणि हा बाबा लाल ठिपका पाडणारं मोजायचं यंत्र घेऊन या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. जेवणाऱ्यांच्या डोक्यावरून ठिपका पळतोय. मला वाटलं घरपट्टीवाला असेल.

"काय हो, कुणीकडचे तुम्ही?"

"व्हॅल्युएशन, काकू. मालकांना बोलवा."

"मीच मालक."

त्याने मोबाईलमध्ये बघितलं. "आदिनाथभाऊंनी पाठवलंय. बांधकाम कुठल्या साली झालं तेवढं सांगा. आणि दारापुढं उभ्या राहा, फोटो लागतो फाईलला."

आदिनाथ माझा थोरला भाऊ. दोन वर्षं भाऊबीजेला आला नाही, कारण त्याचे बैल शर्यतीला असतात. त्याला माझ्या घराची लांबी-रुंदी कशाला पाहिजे?

"कसली फाईल?"

"इन्कम टॅक्सची. तुम्हाला सांगितलं नाही का?"

आतून दत्तोबाने मान बाहेर काढली. दत्तोबा माझा नवरा. नवऱ्याचं नाव घेत नाहीत म्हणे, मी घेते. प्रेस मशीनवर त्याची दोन बोटं गेली, तेव्हापासून उरलेल्या आठ बोटांनी तो माझ्या मेसच्या चपात्या लाटतो आणि तोंडाने जगाच्या.

"शकू, पाहुण्याला जेवून जा म्हण. घर मोजून दमला असेल. आणि जाताना यंत्र इथंच ठेव म्हणावं, आम्हाला मेव्हण्याची लाज मोजायचीय."

पोरं हसली. तो माणूस गेला. पण फोटो काढून गेला. माझ्या घराचा, माझ्या पाटीचा, आणि पातेल्यापुढे घामाघूम उभ्या असलेल्या माझा.

हे कशामुळे झालं ते समजायला थोडं मागं जायला लागेल.

आमच्याकडं बाप मेला की दुःख ओसरायच्या आत बहिणीला गाडीत घालून रजिस्टर ऑफिसला नेतात. त्याला हक्कसोड म्हणतात. बापाच्या जमिनीत माझा वाटा आहे तो मी राजीखुशीने भावांना सोडते, असं लिहिलेलं असतं. राजीखुशी आधीच छापलेली असते, बहीण नंतर आणतात. सही झाली की एक साडी, हिरव्या बांगड्या, वाटेत हॉटेलात मिसळ. त्या दिवसापुरता भाऊ इतका गोड बोलतो की पोरीला वाटतं बाप परत आला. आमच्या आळीतल्या एकूण एक बाईने अशी सही केलेली आहे. न करणारीला सटवी म्हणतात, तिच्या पोरांच्या लग्नाला मामा येत नाही.

आमचे वडील गेनू गेले तेव्हा मीही केली. साडी आमसुली रंगाची होती, पहिल्या धुण्यात रंग गेला.

पुढं त्याच जमिनीशेजारून रुंद रस्ता झाला आणि गोदामं बांधणाऱ्या एका कंपनीने ती घेतली. खरेदीखतावर नावं आदिनाथची, धाकट्या नवनाथची आणि आईची. किती आले ते मला कुणी सांगितलं नाही. मला कळलं ते फ्लेक्सवरून. चौकात आदिनाथचा हात जोडलेला फोटो, वाढदिवसाच्या शुभेच्छा, खाली शुभेच्छुकांची डोकी. मग पांढरी मोठी गाडी. मग शर्यतीचे बैल, त्यांना खायला बदाम. नवनाथने लग्नाचं लॉन काढलं. त्यात दोन हंगाम लग्नं लागली आणि तिसऱ्या हंगामात गवत. आईला काय मिळालं? ओसरीतली लोखंडी खाट. ती आधीपासूनच होती.

त्याच वर्षी मी हे घर बांधलं. योगायोग. जागा दत्तोबाच्या वाटणीची, गुंठाभर. पैसे पतसंस्थेचे. गळ्यातलं गहाण, कानातलं गहाण, पहाटे उठून रात्रपाळी सुटणाऱ्यांना पोहे, दुपारी डबे, संध्याकाळी पुन्हा चूल. हप्ता अजून चालू आहे. वीटवाल्याने उधारीवर विटा दिल्या, भावाने दिल्या नाहीत. स्लॅबच्या दिवशी नवनाथ आला होता, पेढा खाल्ला आणि म्हणाला, "ताई, पिलर जरा बारीक झालं." एवढंच माझ्या घरात माझ्या माहेरचं योगदान.

तर मोजणीवाला येऊन गेला आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पांढरी गाडी दारात. आदिनाथ, नवनाथ, आणि मागच्या सीटवर पिशव्यांच्या मध्ये आई. आईला आणली म्हणजे काहीतरी मोठं मागायचंय हे मला गाडीचं दार उघडायच्या आधी कळलं. आमच्याकडं आईला कागदावरच्या शिक्क्यासारखी वापरतात.

आईने बसल्या बसल्या माझ्या मांडीवर साडी ठेवली. या वेळी जरीची.

"कशाला गं?"

"भावांनी घेतलीया. नेस." आईने आदिनाथकडे बघितलं. पुढचं त्याने बोलायचं होतं.

"शके, थोडी अडचण झालीया," आदिनाथ म्हणाला. "इन्कम टॅक्सची नोटीस आलीया. जमिनीच्या पैशावर टॅक्स मागत्यात."

"मग भरा."

"अगं, शेतजमिनीला टॅक्स नसतो! एजंटानं छातीवर हात ठेवून सांगितलं व्हतं."

"कुणाच्या छातीवर?" दत्तोबा चपाती लाटत म्हणाला.

"दाजी, चेष्टा नका करू राव," नवनाथ कळवळला. "आमची जमीन म्हणं नगरपरिषदेच्या हद्दीला लई जवळ. कायद्यानं तिला शेतजमीन धरत न्हाईत. टॅक्स, त्याच्यावर व्याज, त्याच्यावर दंड. बैल इकलं, गाडी इकली, तरी न्हाई भागत."

"मग माझं घर कशाला मोजलं?"

आई पदराची गाठ सोडायला आणि बांधायला लागली.

"आमी एक मोठा सल्लागार धरलाय," आदिनाथ म्हणाला. "रावेतला. टॅक्सच्या भांडणात तडजोड करून देतो. लई जणांची करून दिलीया. त्यानं वाट काढलीया. तू उद्या चल फकस्त. तो नीट सांगंल. एक सही हाय. मागं केली तशी."

मागं केली तशी. हे तीन शब्द त्याने मीठ मागावं इतक्या सहज उच्चारले.

मी गेले. बघायचं होतं की माझ्या नकळत माझं काय काय ठरवलंय.

रावेतचं ऑफिस नव्या इमारतीत, काचेचं. आत एवढं गार की मला वाटलं इथं माणसं टिकवायला ठेवतात. सल्लागाराचं नाव समर्थ. पस्तिशीचा, गुळगुळीत, दाढी कोरलेली, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "राइट?" म्हणणारा. त्याने मला ताई म्हटलं, पाणी दिलं, आणि माझ्या घराचा फोटो मोठ्या पडद्यावर लावला. मी पातेल्यापुढं, घामाघूम.

"सुंदर प्रॉपर्टी आहे, ताई. तुम्हाला माहीत नाही तुम्ही या केसमध्ये किती महत्त्वाच्या आहात. राइट? बघा. जमीन विकून आलेला पैसा माणसाने घरात घातला, तर त्याला टॅक्समध्ये सूट मिळते. भावांनी घर बांधलं नाही. त्यांनी..." तो थांबला, "...बैलात घातला. बैलाला सूट नाही. पण तुम्ही बांधलंय! त्याच वर्षी! देवाची कृपा म्हणा."

"मी माझ्या पैशाने बांधलंय."

"हो, हो. पण आपण असं मांडायचं की जमीन विकल्यावर भावांना वाटलं, बहिणीचं काय? म्हणून कुटुंबात बसून तोंडी ठरलं, तिसरा वाटा ताईला. तो ताईने घेतला आणि घर बांधलं. एक कुटुंब-समझोता लिहू, जुन्या तारखेचा. त्याच्यावर तुमची सही. मग तेवढा हिस्सा भावांच्या डोक्यावरून उतरला, आणि तुमच्यावरही टॅक्स नाही, कारण घर आहे. कुणाचंच नुकसान नाही. राइट?"

"मी तर हक्क सोडलाय. रजिस्टर आहे तो कागद."

"कायद्याने सोडला. मायेने दिला!" समर्थ हसला. "तडजोडीत माया चालते."

आदिनाथ आणि नवनाथही हसले. मला वाटलं, या काचेवर थुंकावं आणि ती थुंकी खाली ओघळत जाताना सगळ्यांनी बघावी.

"आणि पतसंस्थेचं कर्ज? त्याचे हप्ते?"

"ते आपण दाखवायचं नाही."

"मी रोज दाखवते. पतसंस्थेचा माणूस महिन्याच्या महिन्याला येतो, त्याला दाखवते."

"ताई, तुम्ही इमोशनल होताय. कागद फक्त कागद असतो."

हे तो मला सांगत होता. एका कागदाने मी बापाच्या घरातून निघाले होते आणि दुसऱ्या कागदाने आता माझ्याच घरातून निघणार होते. उद्या वाद झाला, भावाने म्हटलं, "हिचं घर आमच्या जमिनीच्या पैशातलं", तर माझ्याच सहीने ते खरं ठरणार. माझे हात भाजलेले, माझी कंबर गेलेली, दत्तोबाच्या आठ बोटांच्या चपात्या, सगळं पुसून तिथं लिहायचं: भावांची माया.

"आणि आईचं काय?" मी विचारलं. "खरेदीखतावर तिचंपण नाव आहे. नोटीस तिलाही आली असेल."

समर्थने हात झटकला. "म्हातारीचं सोपंय. पैसे तिच्या खात्यातून पोरांनी केव्हाच काढलेत. तिच्या वाट्याचा टॅक्स तिच्या नावावर राहू दे. खात्यात काही नाही, नावावर काही नाही, वसूल काय करणार? नाकातली चमकी?"

या वेळी नवनाथ हसला नाही. एवढं त्याच्या पदरात टाकते. आदिनाथ हसला.

मी उठले. म्हणाले, विचार करते. समर्थ म्हणाला, "कागदाची एक प्रत..." मी हात पुढे केला, तर म्हणाला, "...सही झाल्यावर देतो." लिफ्टमध्ये आदिनाथ मला समजावत होता की फी आधीच भरलीया आणि समर्थ साहेब असल्या कामात एक नंबर हायेत. फी भरली म्हणजे काम पवित्र झालं असं त्याला मनापासून वाटतं. देवळाबाहेर चपला राखणाऱ्याला पैसे दिले की देव पावतो, त्यातला हा माणूस.

दुसऱ्या दिवशी मी चिंचवडला विजयश्री मॅडमकडे गेले. त्या सीए आहेत. पतसंस्थेच्या कर्जाच्या वेळी माझे कागद त्यांनी केले होते, मेसचा हिशेब त्याच बघतात. जिन्याखालचं ऑफिस, पंखा कुरकुरतो, चहा स्वतः करतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही मान हलवली नाही, ऐकून घेतलं आणि मग चष्मा काढला.

"शकूताई, सही केलीत तर तुम्ही खोटं निवेदन करताय. तुमचं कर्ज, विटांची बिलं, सगळं पतसंस्थेत आणि बँकेत दिसतं. इन्कम टॅक्स खात्याने एक पत्र पाठवलं की संपलं. मग तुम्हाला विचारतील, घर भावांच्या पैशाचं, तर कर्जाचे पैसे कुठे गेले?"

"आणि भाऊ?"

"भावांचं जास्त वाईट. आत्ता त्यांची चूक आहे. चुकीच्या माणसाचं ऐकलं, रिटर्न भरला नाही. चुकीला वाट असते. जमीन वडिलोपार्जित आहे ना? मग तिची दोन हजार एक सालची किंमत मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून काढून घ्यायची, महागाईप्रमाणे वाढवायची, ती विक्रीतून वजा होते. टॅक्सचा आकडा बराच उतरतो. उत्तराला मुदत मागायची. टॅक्स आणि व्याज भरायचं आणि दंड माफ करा म्हणून अर्ज करायचा. पण हा अर्ज चूक करणाऱ्यासाठी असतो. खोटा कागद लावला की तो दरवाजा बंद. मग दंड टॅक्सच्या दुप्पट."

"म्हणजे तो रावेतचा त्यांना वाचवत नाही?"

"तो त्यांची फी वाचवतोय. स्वतःसाठी." त्या हसल्या नाहीत. "आणि आईंना कुणी तरी सांगा, की नावावर काही नसलं तरी नाव असतं. नोटिसा येत राहतील. त्यांची वेगळी फाईल करून घ्या."

मला एवढं समाधान झालं की वाटलं, चला, सरळ रस्ता आहे. भाऊ झाले तरी गाढव नाहीत, सांगितल्यावर कळेल. माझ्यात हा मूर्खपणा अजून शिल्लक होता.

रविवारी मेस बंद ठेवून मी आणि दत्तोबा गावी गेलो. ओसरीत आई खाटेवर. अंगणात बैलांना पंखा लावलेला. आईला नव्हता.

मी मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं. आकडा उतरेल. दंड सुटेल. भाऊ ऐकत होते. नवनाथचा चेहरा जरा उजळला. "दादा, हे बरं दिसतंय की."

"बरं काय बरं!" आदिनाथ उसळला. "ती मॅडम समदं खरं लिवणार. खरं लिवायचं म्हंजी मग खरेदीखताभाईर रोखीत घेतलेलं पण लिवायचं काय? ते कुठं गेलं ते कोण सांगणार, तू?"

अच्छा. असं होतं ते. खरं बोलायला अडचण खोट्याची नव्हती, अजून एका खोट्याची होती.

"ते तुमचं तुम्ही बघा," मी म्हणाले. "मी सही करणार नाही. माझं घर माझं आहे."

"तुझं?" आदिनाथ खुर्चीवरून पुढं सरकला. "तुला दिलं कुणी? आमच्या बापानं तुझं लगीन केलं, हुंडा दिला. आमी कधी हिशोब मागितला? एक सही मागतोय तर माज बघ हिचा. डबं इकून माज आलाय."

"आदिनाथराव," दत्तोबा शांतपणे म्हणाला, "हुंड्यात मला एक घड्याळ मिळालं होतं. ते प्रेसखाली बोटांसंगं गेलं. बाकी हिशोब असेल तर सांगा."

मी आईकडे वळले. मला वाटलं होतं तिला माहीत नसणार. म्हणून मी तिच्याजवळ खाटेवर बसून सांगितलं, हळू, की आई, तुझ्यापण नावाची नोटीस आहे. तुझ्या वाट्याचे पैसे यांनी काढून घेतले आणि टॅक्स तुझ्या नावावर ठेवणार आहेत. तो सल्लागार म्हणाला, म्हातारीकडून काय वसूल करणार, नाकातली चमकी?

आईने चमकीला हात लावला. मग हात खाली घेतला.

"मला ठाव हाय," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"समदं. आदिनाथनं सांगितलंया. माझं काय गं, मी आज हाय उद्या न्हाई. माझ्या नावानं पोरांचा टळत आसंल तर टळू दे." आणि माझा हात धरून, इतक्या मायेने की त्याचीच मला शिसारी आली, म्हणाली, "मी माझं घातलं. तूबी तुझं घाल. बाईच्या नावाला काय शेंडा हाय का बुडखा? भावांच्या कामी आलं तर आलं."

मी तिचा हात सोडवून घेतला. भावांची घाण वाटत होती, ती सवयीची होती. आईची वाटेल असं वाटलं नव्हतं. तिला कुणी फसवलं नव्हतं. तिने स्वतःला उचलून आगीत घातलं होतं आणि आता शेजारी माझ्यासाठी जागा करत होती, मायेने, सरकून. आणि तिलाही तिच्या आईने असंच सरकून जागा करून दिली असणार. त्या खाटेला मला एकदम बायकांच्या रांगेचा वास यायला लागला, जळालेल्या दुधासारखा.

जरीची साडी मी बरोबर आणली होती. ती आईच्या उशाशी ठेवली.

"ही घे. मागची आमसुली होती, तिचा रंग गेला. हिचा जायच्या आत परत करते."

"आता या घरात पाय ठेवू नकोस," आदिनाथ मागून ओरडला.

"पाय ठेवला होता कधी? गाडीतच तर बसवलंत दर वेळी," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या सहीवाचून कागद लावला. समर्थने सांगितलं असणार की बहीण काही बोलणार नाही, बहिणी बोलत नाहीत, असा त्याचा अनुभव असेल. समझोता बाजूला ठेवला आणि भावांच्याच प्रतिज्ञापत्रावर काम भागवलं: बहिणीला वाटा दिला, तिने घर बांधलं, सोबत मोजणीचा अहवाल आणि घराचा फोटो. पातेल्यापुढं मी, घामाघूम.

विजयश्री मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं. मला खात्याचं पत्र आलं: तुमच्या भावांनी असं असं म्हटलंय, खरं आहे का?

पत्र मी दत्तोबाला वाचून दाखवलं. दत्तोबाने कणीक मळायची थांबवली. "अजून वेळ आहे. हो म्हटलंस तर माहेर परत मिळेल," तो म्हणाला. तो मला सुचवत नव्हता, चाचपत होता. मी म्हणाले, "ज्या घरात जायला माझं घर द्यावं लागतं, तिथं मी पाहुणी म्हणून पण जाणार नाही." त्याने पुन्हा कणकेत हात घातला.

मॅडमनी उत्तर तयार केलं. पतसंस्थेचं पत्र, हप्ते, विटांची बिलं, सोनं गहाण ठेवल्याच्या पावत्या, हक्कसोडीची नक्कल. खाली माझी सही. आयुष्यात पहिल्यांदा मी अशी सही केली जिच्या बदल्यात साडी मिळाली नाही.

पुढचं मला गावातून येणाऱ्या पोरांकडून कळत गेलं. माझं उत्तर गेल्यावर खात्याने भावांचं म्हणणं फेटाळलं आणि खोटं निवेदन म्हणून दंडाची वेगळी नोटीस काढली. रावेतच्या समर्थने फोन उचलायचं बंद केलं, नंतर ऑफिसमधून निरोप, "माहिती पक्षकारांनी दिली होती, आमची जबाबदारी नाही." फी परत नाही. राइट? पांढरी गाडी गेली. बैल गेले, आणि जाताना म्हणे आदिनाथ त्यांच्या गळ्यात पडून रडला. आपल्या आईच्या गळ्यात पडून तो रडल्याचं मी ऐकलेलं नाही. गावात माझं नाव निघालं की बायका तोंडाला पदर लावतात. भावाला बुडवणारी. दंड खोट्यामुळे लागला हे कुणाला सांगणार? आमच्याकडं खोटं बोलणारा बिचारा असतो, न बोलणारी सटवी.

आणि मागच्या आठवड्यात, भर दुपारी, आदिनाथ मेसमध्ये आला.

रिक्षाने आला. दाढी वाढलेली. पोरांच्या रांगेत उभा राहिला, कारण मेसला दुसरं दार नाही. त्याचा नंबर आल्यावर मी त्याला ताट दिलं: चपात्या, मटकी, डाळ, भात. त्याने घेतलं. कोपऱ्यात बसून खाली मान घालून जेवला, डाळ दुसऱ्यांदा घेतली. हात धुऊन माझ्यापाशी आला, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला,

"त्या मॅडमचा नंबर दे."

कसं काय नाही, चुकलो नाही. जसा काही तो नंबर माझ्याकडं ठेवायला दिला होता.

"आता अपील करावं लागंल," तो म्हणाला. "नवनाथ म्हंतो चांगल्या माणसाकडं गेलं पायजे."

"नवनाथला उशिरा का होईना कळलं. नंबर देते. पण पहिलं काम आईचं. तिची वेगळी फाईल. तिच्या वाट्याचा टॅक्स तुम्ही दोघांनी भरायचा, तिच्या नावावर काही ठेवायचं नाही. ते झाल्याचं मॅडम मला सांगतील, मग त्या तुमचं बघतील. मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय."

त्याचा जबडा हलला. मला वाटलं पुन्हा माज बाहेर येतो. पण मागे पोरं ताटं घेऊन उभी होती. "बरं," तो म्हणाला.

"आणि रोखीचं मॅडमना आधी सांगायचं. त्यांच्यापुढं खोटं बोललास तर त्या उठून जातात."

"बरं म्हनलं की."

मी नंबर लिहून दिला. त्याने चिठ्ठी खिशात घातली, चपला घातल्या आणि निघाला. सरळ. बहिणीच्या घरी जेवला होता ना. बहिणीच्या घरी कोण पैसे देतं?

तो दारात पोचला आणि मी डाव पातेल्यावर आपटला.

"दादा! ऐंशी रुपये!"

आदिनाथ वळला. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मी भिंतीवरच्या चौकोनाकडे बोट केलं, मोबाईलने पैसे भरायच्या. त्याने दत्तोबाकडे बघितलं. दत्तोबा आठ बोटांनी चपाती लाटत होता, म्हणाला, "डाळ दोनदा घेतलीत पाव्हणं, तिचे नाही लावले."

आदिनाथने मोबाईल काढला. काच फुटलेली होती. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा झालं, आणि खिडकीत ठेवलेल्या, पैसे आल्याचं सांगणाऱ्या डबीतली बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली: ऐंशी रुपये प्राप्त झाले.

माहेराकडून माझ्या घरात आलेले हे पहिले पैसे. मी पुढच्या पोराला ताट दिलं.